हरण्याची सोय असलेली विद्या

टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी कराटेच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची एक उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला अशी बसली की तो चटईवर आडवा झाला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शुद्धीवर आल्यावर त्याला समजले की सुवर्णपदक त्यालाच मिळाले आहे. हमेदीने प्रमाणाबाहेर जोर लावला म्हणून पंचांनी त्याला बाद ठरवले होते. त्या खेळाच्या नियमांप्रमाणे निर्णय योग्यच होता, कारण या प्रकारच्या कराटेत फटका पोचवायचा असतो, पण आवरून. माझी शंका निर्णयाबद्दल नाही. वर्षानुवर्षे फटका आवरण्याचा सराव केलेले शरीर एखाद्या अंधाऱ्या जिन्यात, घाबरलेल्या अवस्थेत काय करील? बहुधा ते अंगवळणी पडलेलेच करील.

स्वसंरक्षणासाठी कराटे चांगले की ज्युदो, बॉक्सिंग बरे की क्राव मागा, हा वाद क्लासच्या जाहिरातींपासून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत सगळीकडे रंगतो, आणि तो जवळजवळ नेहमी कलेच्या नावावर लढवला जातो. कोणाची परंपरा जुनी, कोणाचा डाव घातक, कोणत्या देशाच्या सैन्यात काय शिकवतात, असे मुद्दे येतात. मला यांतला एकही निर्णायक वाटत नाही. त्यांच्याआधी एवढेच पाहावे की, त्या वर्गात समोरचा माणूस खरोखर विरोध करतो का, आणि शिकणाऱ्यावर वरचेवर हरण्याची वेळ येते का. जिथे येते तिथली कोणतीही कला कामाची आहे. जिथे येत नाही तिथे सगळ्यात जहाल नावाची कलाही व्यायामापलीकडे फारसे काही देत नाही.

पूर्ण विरोध हवा, पण जोडीदार जायबंदी होता कामा नये, हे कोडे सर्वांत स्वच्छपणे सोडवले ते ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, त्यांनी कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सूच्या दोन परंपरा ते स्वतः शिकले होते. जुजुत्सूत मर्मस्थानांवरचे आणि हातपाय मोडणारे भयंकर डाव होते, आणि भयंकर असल्यामुळेच ते जोडीदारावर पूर्ण ताकदीने करता येत नसत. ठरलेल्या क्रमाने, समोरच्याच्या संमतीनेच गिरवावे लागत. कानो यांनी असे डाव मुक्त सरावातून बाजूला काढले. फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे, सांधा पिरगाळणे एवढेच ठेवले. कागदावर कला सौम्य झाली, पण आता दोघे जण सगळा जोर लावून लढू शकत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायला धडधाकट राहत होते. या मुक्त लढतीला ते रँडोरी म्हणत. १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांच्या सामन्यांत कोडोकानच्या तरुणांनी जुन्या शाळांच्या माणसांना हरवून दाखवले. डावांचा साठा जुन्या शाळांकडे मोठा होता. अंगात मुरलेले डाव कोडोकानकडे होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, खेळाला नियम असतात, रस्त्याला नसतात. गुंड डोळ्यांत बोटे घालील, चावेल, तेव्हा तुमचा ज्युदो काय करणार? या आक्षेपाची परीक्षा योगायोगाने झालेली आहे. कोडोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला; पुढे त्याच्याकडून ग्रेसी घराण्यात ही विद्या गेली आणि तिथे जमिनीवरच्या झुंजीवर भर देत ती वाढली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे आठ जणांची पहिली यूएफसी ही मिश्र झुंजींची स्पर्धा झाली. वजनगट नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे सोडून जवळपास सगळे चालत होते. सुमारे ८० किलोच्या रॉइस ग्रेसीने त्या एका रात्रीत आपल्यापेक्षा वजनदार तिघांना शरण आणले. अंतिम लढतीत गेरार्ड गोर्डोने तर नियम मोडून त्याचा कान चावला. त्याचा परिणाम एवढाच झाला की रॉइसने गळ्याची पकड जरा जास्त वेळ आवळून ठेवली. घाणेरडा डाव खेळायलाही आधी चांगल्या जागी असावे लागते, आणि ती जागा मिळवायचा सराव ज्याने विरोधाविरुद्ध केला आहे त्यालाच ती मिळते.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या विरोधाविरुद्ध शिकवणारी एक संस्था उभी आहे, पण स्वसंरक्षणाच्या चर्चेत तिचे नाव निघत नाही. ती म्हणजे तालीम. लाल मातीत पोरगा खडाखडी करतो, पट काढायला जातो, पडतो, उठतो, पुन्हा पडतो; तिथे हरणे हा दिनक्रम आहे. कोणी पट्ट्याचा रंग बदलून त्याची समजूत काढत नाही. याच मातीतून गेलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. अंगाला अंग भिडले की बावचळून न जाणे, तोल राखणे, मनगट आणि मान कोणाच्या ताब्यात आहे हे न बघता ओळखणे, या गोष्टी कुस्तीगिराला वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. अर्थात कुस्तीलाही तिच्या नियमांनी काही खोडी लावल्या आहेत. चीत होऊ नये म्हणून पैलवान पालथा पडून पाठ देतो. आखाड्यात ते शहाणपण, रस्त्यावर घात. ठोसा कसा येतो हे त्याने पाहिलेलेच नसते. बॉक्सरचे उलटे आहे: त्याला अंतर कळते, मार खाऊन उभे राहता येते, पण कोणी कंबरेला मिठी मारली तर त्याला पंचाची आठवण येते. म्हणून एकच निवडायचे झाले तर मी कुस्ती किंवा ज्युदो निवडीन, आणि जमल्यास सोबत थोडे बॉक्सिंग. (कोल्हापूरच्या मर्दानी खेळांवर माझे मनापासून प्रेम आहे, पण दांडपट्टा घेऊन कोणी एसटीत चढत नाही.)

मग काता (कराटेतले ठरलेल्या हालचालींचे क्रम), ऐकिडो, ताई ची यांत काहीच नाही का? आहे; शिस्त, श्वास, सौंदर्य, म्हातारपणी न पडण्याला मदत हे थोडेथोडके नाही. वांधा होतो तो त्यांतून लढता येईल असे सांगितले जाते तेव्हा. २०१७ मध्ये चेंगडू येथे शू शियाओडोंग या लढवय्याने वेई लेई या ताई ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले, तेव्हा चीनमध्ये परंपरेचा अपमान झाला म्हणून गदारोळ उठला. एका गुरूच्या पराभवाने ताई ची खोटी ठरत नाही हे मान्य. पण विरोध आत आणायचे ठरवले तर या कलाही बदलतात. केन्जी तोमिकी यांनी ऐकिडोत मुक्त लढत आणलीच. क्योकुशिन कराटेत पूर्ण ताकदीने मारतात, फक्त हाताचा ठोसा तोंडावर चालत नाही. म्हणून ‘कराटे निरुपयोगी’ असे सरसकट म्हणणारेही नावावरूनच न्याय देतात.

सगळ्यात गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, आणि तो बरोबर आहे. अनोळखी गुंड आणि अंधारी गल्ली हे चित्रच फसवे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. तिथे कुस्तीतली ढाक मारायची की कलाजंग, हा प्रश्नच उशिराचा. आधी ‘नाही’ म्हणण्याचा संकोच मोडावा लागतो. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांचा कॅनडातील अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींचे दोन गट पाडले होते. एका गटाला फक्त माहितीपत्रके मिळाली. दुसऱ्याला बारा तासांचे प्रशिक्षण, ज्यात ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका ओळखणे, तो मान्य करायला मन का कचरते हे समजून घेणे, आणि बोलून व अंगबळाने प्रतिकार करणे यांचा सराव होता. वर्षभरात प्रत्यक्ष बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के, दुसऱ्यात ५.२ टक्के राहिले. माझ्या म्हणण्याला यातून धक्का बसत नाही, उलट त्याची कक्षा वाढते. गोड बोलून गळ घालणारा, चिडणारा, दोष देणारा माणूस हाही विरोधच, आणि त्याच्यापुढे ठाम राहण्याचाही सराव लागतो. अशा अत्याचाराचा दोष मात्र अत्याचाऱ्याचाच राहतो. डाव येत होते का, हा प्रश्न कोणी पीडितेला विचारू नये.

चाकूविषयी थोडक्यात: पळा. चाकू हिसकावण्याचे डाव शिकवणाऱ्याला जोडीदाराच्या हाती रंगाचा ओला ब्रश देऊन ते करून दाखवायला सांगा. अंगावरच्या रेघा मोजल्या की पुढचे बोलणे आपोआप कमी होते. कायद्याचाही विचार हवा. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाचा हक्क देतात, पण बचावापुरतीच इजा करण्याची मुभा देतात. पकडीला हे जमते, ती सैल करता येते किंवा आवळता येते. ठोसा मात्र एकदा सुटला की समोरच्याचे डोके फरशीवर कसे आपटेल ते आपल्या हाती राहत नाही.

राहता राहिली महिला दिनाच्या आगेमागे होणारी दोन तासांची शिबिरे. तिथे हमखास शिकवतात ते मनगट सोडवणे: अंगठ्याच्या बाजूने झटका द्या, हात सुटतो. सुटतोच, कारण जोडीदार मैत्रीण असते आणि तिला हात सोडायचाच असतो. आयोजकांनी यंदा एवढेच करावे. डाव शिकवून झाला की जोडीदाराला सांगावे, ‘आता सोडू नकोस, ओढत दारापर्यंत ने.’ पहिल्या खेपेला फार थोड्या मुली सुटतील. मग शिबिर दोन तासांचे न ठेवता सहा महिन्यांचे ठेवावे, आणि जागा हवी असेल तर जवळच्या तालमीत विचारावे. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा मुलींना मातीत काय काम, हे कारण आता कोणत्याही वस्तादाला देता येणार नाही.