शब्दविचार : ‘स्टर अप’

अँटॉप हिल येथील एका वाचकाने विचारिले आहे की, इंग्रजीतील ‘स्टर अप’ यास मराठीत ‘जागृत करणे’ म्हणावे काय? आमचे उत्तर असे की, सहसा म्हणू नये.

‘स्टर’ म्हणजे ढवळणे व ‘अप’ म्हणजे वर. भांडे ढवळले की तळाचा गाळ वर येतो. तोच या प्रयोगाचा भाव होय. संस्कृतातील ‘उद्’ हा उपसर्ग असेच काम करितो; ‘उद्दीपन’, ‘उत्तेजन’ हे शब्द पाहावेत. भेद इतकाच की, आपला उपसर्ग धातूच्या आधी येतो, इंग्रजांचा मागून. वेदांत मात्र तो धातूच्या मागे किंवा त्यापासून दूरही आढळतो, व पाणिनीने त्यास तशी मोकळीक दिली आहे. तेव्हा ‘स्टर’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये कर्म आले तर विद्यार्थ्यांनी गोंधळू नये.

मराठी शब्द कर्म पाहून निवडावा. द्वेष असेल तर ‘चेतविणे’, लोक असतील तर ‘चिथावणे’, घरातले भांडण असेल तर ‘कळ लावणे’ आणि आठवणी असतील तर ‘चाळविणे’. करुणा किंवा भक्ती यांच्याकरिता इंग्रज बहुधा नुसते ‘स्टर’ वापरितो. ‘अप’ जोडला की बहुतेक वेळा ढवळणाऱ्यावर ठपका येतो.

हा ठपका किती जड असतो, हे मुंबईने पाहिले आहे. राजद्रोहाच्या १२४ अ या कलमात ‘एक्साइट’ हा शब्द होता. मूळ लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ हलवून बाहेर काढणे असाच. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लाविला आणि ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ च्या खटल्यात त्यांनी सरकारी भाषांतरातील शब्दांवरच आक्षेप घेतले. तरीही सहा वर्षांची हद्दपारी झाली. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षास एक दिवस याप्रमाणे सहा दिवस संप केला.

कामगारांच्या मनातील संताप एका लेखणीने निर्माण केलेला नव्हता. तो आधीपासून साचला होता. ‘स्टर अप’ हा शब्द ढवळणाऱ्याचा हात दाखवितो आणि तळ झाकून ठेवितो. म्हणून ‘अमक्याने लोकांस चिथावले’ असे वर्तमानपत्रात वाचाल, किंवा ‘तमकीने कळ लावली’ असे घरात ऐकाल, तेव्हा तळाशी काय साचले होते, हेही विचारीत जावे.