दिल्लीचा डोंगर पाहिलात का?

दिल्लीला पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी लाल किल्ला आणि चांदणी चौक, दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार, तिसऱ्या दिवशी आग्रा. वडीलधारी मंडळी खूश होतात. पण सह्याद्रीतले गड चढलेली तरुण मुले मात्र कंटाळतात. ‘दिल्लीत डोंगर कुठला? त्यासाठी मनाली गाठायला हवी,’ असे सांगून त्यांची समजूत काढली जाते.

खरे तर डोंगर दिल्लीतच आहे. गुजरातकडून निघालेली अरवलीची रांग सुमारे ७०० किलोमीटर अंतर कापून दिल्लीत येऊन संपते. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभे आहे, तीही याच रांगेतली. शहराच्या दक्षिणेला, फरीदाबाद आणि गुरुग्रामच्या मधल्या पट्ट्यात ही अरवली अजून बरीचशी रानटी आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, इतकी ती जवळ आहे.

धौजचे कडे

फरीदाबादहून सोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर धौज हे गाव लागते. गावाजवळच्या कड्यांवर दिल्लीचे गिर्यारोहक कित्येक वर्षांपासून सराव करत आले आहेत. कडे उंच नाहीत, पण खडक गारगोटीसारखा कठीण आहे. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची सवय असलेल्यांना इथे पकड वेगळी शोधावी लागते. नवशिक्यांनी मात्र दोर, शिरस्त्राण आणि जाणता प्रशिक्षक यांच्याशिवाय कड्याला हात लावू नये. ज्यांना चढायचे नाही, त्यांच्यासाठी आसपासच्या पायवाटा आहेतच.

मांगरची देवराई

कोकणातल्या देवरायांमध्ये कुऱ्हाड चालवायची नाही, हा दंडक मराठी माणसाला ठाऊक आहे. नेमका तोच दंडक गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यालगतच्या मांगर बनीत पाळला जातो. हे राई गुदडिया दास बाबांची मानली जाते. इथले झाड तोडायचे नाही, गुरे चारायची नाहीत, आग लावायची नाही, असा मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे. परिणाम डोळ्यांना दिसतो. दिल्लीभोवतीचे बहुतेक रान विलायती बाभळीने व्यापले असताना इथली दरी मात्र अरवलीच्या अस्सल धौ वृक्षांनी भरलेली आहे. होळीच्या सुमारास पळसही फुलतो. २०२१ मध्ये मांगरच्या परिसरातल्या गुहाचित्रांची आणि अश्मयुगीन हत्यारांची बातमी देशभर गाजली. देवस्थानाच्या जागेत जायचे, तर गावातल्या एखाद्या माणसाला विचारून, त्याला सोबत घेऊन जाणे योग्य.

असोल्याचे जंगल

तुघलकाबादच्या किल्ल्यापासून जवळच असोला-भाटी अभयारण्य आहे. सुमारे ३२ चौरस किलोमीटरचे हे जंगल राजधानीच्या हद्दीत आहे, यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा विश्वास बसत नाही. नीलगाय, कोल्हा, साळिंदर आणि मोर इथे आहेतच. गेल्या काही वर्षांत बिबट्यांची छायाचित्रेही टिपली गेली आहेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे निसर्गशिक्षणाचे काम केले आहे, हे वाचून मुंबईकरांना आनंद वाटेल. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. उच्च न्यायालयाच्या २००७ च्या आदेशानंतर शहरातली माकडे पकडून इथे सोडण्यात आली. तेव्हा खाऊचे पुडे उघड्यावर काढू नयेत.

ते निळे पाणी

या भटकंतीत सर्वांत मोहात पाडणारी आणि सर्वांत घातक गोष्ट एकच आहे: डोंगरातले निळेशार तलाव. वाट चालून दमलेली मुले हे पाणी पाहताच कपडे काढून धावतात. पण हे तलाव निसर्गाने घडवलेले नाहीत. दिल्लीच्या इमारतींना लागणारी ‘बदरपूर’ नावाची रेती आणि दगड काढण्यासाठी इथे वर्षानुवर्षे खाणी खोदल्या गेल्या. खोदता खोदता भूजलाची पातळी ओलांडली गेली आणि खड्डे पाण्याने भरले. भाटीचा खाणपट्टा १९९१ मध्ये अभयारण्यात आला. फरीदाबाद-गुरुग्रामकडच्या अरवलीतल्या खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ मध्ये बंदी घातली. खाणी थांबल्या, खड्डे राहिले.

नदीकाठी किंवा गावतळ्यात पाय टाकला, तर पाणी हळूहळू खोल होत जाते. इथे तसा उतारच नसतो. काठ सरळ तुटलेला असतो आणि दुसऱ्याच पावलाला तळ हरवतो. काठावरची रेती भुसभुशीत असल्याने धरायला आधार मिळत नाही. म्हणूनच चांगले पोहता येणारी मुलेही या पाण्यात दगावली आहेत. अशा बातम्या वरचेवर येतात. फोटोसाठीसुद्धा काठाच्या टोकावर उभे राहू नये. बरोबर मुले असतील, तर हा नियम घरातून निघतानाच सांगावा; पाणी दिसल्यावर सांगून उपयोग होत नाही.

जाण्यापूर्वी

फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ. दिवाळीनंतर दिल्लीची हवा बरीच खराब असते आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके पडते. मे महिन्यात जायचेच असेल, तर उजाडताच निघून नऊच्या आत परतावे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. माणशी किमान दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि काट्यांना दाद न देणारे बूट हवेत. बिबट्याचा वावर लक्षात घेऊन दिवस मावळण्यापूर्वी रान सोडावे. एकट्याने जाऊ नये आणि कुठे चाललो हे घरी सांगून निघावे.

आजी-आजोबांनाही बरोबर न्यायचे असेल, तर गुरुग्रामजवळचे सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आहे. हिवाळ्यात तिथल्या तळ्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि वाट सपाट असल्याने गुडघ्यांची तक्रार होत नाही.

एकाच डोंगरात एका बाजूला गावकऱ्यांनी नेम पाळून राखलेली राई आहे आणि दुसऱ्या बाजूला हाव धरून खणलेले खड्डे. मुलांना दिल्ली दाखवताना लाल किल्ल्याबरोबर या दोन्ही गोष्टी दाखवल्या, तर सहलीतून ती नुसते फोटो नव्हे, थोडे शहाणपणही घेऊन परततील.