जांभळाचा पाला जाळू नका

मृग तोंडावर आला आहे. अहेरी-आलापल्लीच्या पट्ट्यात घरामागच्या वाडीत जांभूळ किंवा बोर नाही, अशी घरे थोडीच. आपले फळ जांभूळ आणि बोर. पण या झाडांनाही खत लागते, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. शेणखत धानाच्या बांधीत जाते, उरलेसुरले भाजीच्या वाफ्यात. जांभळाच्या वाट्याला कधीमधी बुंध्याशी टाकलेला मूठभर युरिया येतो, आणि गळलेला पाला झाडून त्याच्याच सावलीत पेटवला जातो. या दोन्ही सवयी सोडायला हव्यात. त्यातही पाला जाळण्याची आधी.

जांभूळ जंगली झाड आहे, त्याला काय द्यायचे, असे म्हणणाऱ्यांनी आलापल्लीच्या वनवैभवात एक फेरी मारावी. २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेले हे राज्यातले पहिले ठिकाण. तिथल्या जुन्या सागांना कोणी खत घातलेले नाही, हे खरेच. पण तिथे गळलेले पान झाडाखालीच कुजते आणि पुन्हा मुळांना मिळते. वाडीतल्या झाडाचे तसे नाही. त्याचे फळ आपण खातो, फांदी सरपणाला नेतो, पाला जाळतो. जमिनीतून जे निघाले त्यातले काहीच परत जात नाही, आणि मग दहा-पंधरा वर्षांनी जांभळे बारीक होऊ लागली की दोष झाडाच्या जातीला देतो.

राखही खतच की, असे यावर उत्तर मिळते. राखेत पालाश आणि चुना उरतो, एवढे बरोबर आहे. पण पाल्यातले नत्र धुराबरोबर निघून जाते आणि मातीला भुसभुशीत ठेवणारा, पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय भाग तर पुरता संपतो. आपल्याकडच्या हलक्या जमिनीला नेमकी त्याचीच गरज आहे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग रानात पसरते, ते दुखणे वेगळे आणि मोठे. निदान घरच्या वाडीतली आग तरी आपल्या हातात आहे.

शेण पुरत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय आपल्याच विदर्भातला आहे. यवतमाळ जिल्ह्यातले नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत घालून दिली ती याच अडचणीतून: थोड्या शेणात पुष्कळ खत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेले विटांचे टाके. त्यात साधारण चौदाशे ते पंधराशे किलो पालापाचोळा, थरांवर चाळलेली माती, भरपूर पाणी, आणि शेण फक्त नव्वद ते शंभर किलो. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत हाती येते. विटा परवडत नसतील तर बांबूच्या तट्ट्यांचे करा. बांबू आपल्याला नवा नाही. आपल्या पावसात वर गवताचे छप्पर मात्र हवेच, नाहीतर खताचा कस वाहून जातो. आत्ता भरलेले टाके दिवाळीच्या सुमारास तयार होते.

घालायचे कसे, तेही सांगायला हवे, कारण बहुतेक खत चुकीच्या जागी पडते. अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्याशी फारशी नसतात. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथे पडतो, तिथल्या पट्ट्यात ती दाट असतात. त्या घेराखाली वीतभर खोल चर घ्यावा, खत पसरून माती ओढावी. फळाला आलेल्या मोठ्या जांभळाला वर्षाला पन्नास ते पंचाहत्तर किलो कुजलेले खत पुरते, लहान झाडाला वीसेक किलो. बोराची गोष्ट थोडी निराळी. ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फळते, म्हणून वैशाखात छाटणी करून पहिल्या पावसाबरोबर खत द्यावे. कच्चे शेण कोणत्याच झाडाला घालू नये. त्याने हुमणी आणि उधई येते. वर पाल्याचे आच्छादन द्यावे, ते बुंध्याला टेकू देऊ नये.

आणि युरिया? त्यात शेकडा शेहेचाळीस नत्र, दुसरे कोणतेही अन्नद्रव्य नाही. नत्राने पाने-फांद्या माजतात, फळ मागे पडते. जांभळाला ही खोड आधीच आहे. जे झाड नुसतेच हिरवेगार वाढते आणि फुलत नाही, त्याचे खत आणि पाणी उलट कमी करावे लागते. शिवाय मुसळधार पावसात बुंध्याशी टाकलेल्या युरियाचा बराचसा भाग मुळांना मिळण्याआधीच वाहून जातो. त्यात पैसाही गेला.

‘उमेद’च्या बचत गटांतल्या बायांनी पोषण परसबागेत भाजीचे वाफे मनापासून केले आहेत. त्यांना आमची विनंती आहे की यंदा गटामागे एक नाडेप टाके भरावे आणि त्यातले पहिले खत वाडीतल्या जांभळा-बोरांना द्यावे. आणि पुढच्या फाल्गुनात पाला गोळा केलात, की त्याला काडी लावू नका, टाक्यात टाका.