क्रियापदं कोणाची?

वस्तीतल्या वाचनालयासाठी गोष्टींची पुस्तकं निवडताना आपल्या मैत्रिणी आधी शेवटच्या पानावरचा बोध पाहतात. माझा याला विरोध आहे. नुकतीच अक्षरं जुळवू लागलेली मुलगी बोधापर्यंत पोचतच नाही. ती शब्दाशब्दावर बोट ठेवते, अडली की चित्राकडे बघते, तेच पान वीसदा वाचते. तिच्यात मुरतात ती क्रियापदं. राजू पळतो, चढतो, पडतो. आई वाढते, पुसते, वाट बघते. आपली चिऊताईच घ्या. बाहेर कावळा पावसात भिजतोय आणि हिचं बाळाला न्हाऊमाखू घालणं संपत नाही. चिमणा कुठे गेलाय, कोणी विचारलंय? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडताना दिसले, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली!

म्हणून ‘समतेची’ पुस्तकं तरी डोळे मिटून घ्यावीत का? मुळीच नाही. त्यांतली मुलगी चौथ्या पानावर वैमानिक होते आणि पाचव्यावर भाषण देते. तिला झाडावरून पडू द्या, थाप मारू द्या, खो खो हसू द्या. (राजूला ही मुभा केव्हाचीच आहे.) टाइप मोठा हवा, पानावर दोनच ओळी हव्यात. आणि विकत घेण्याआधी एकदा वस्तीतल्या मुलींच्या हातात द्या. ‘परत वाचू?’ असं एकीने जरी विचारलं, तर घ्या.