राजवाडा, घाट आणि नळाचे माहेर

फराळाचे डबे भरून झाले, की घरोघरी एकच विषय निघतो : सुटीत जायचे कुठे? धाकट्याला डोंगर आणि धबधबा हवा, मोठीला राजवाडा आणि बाग, वडिलांना बेताचा खर्च. आईला कुणी विचारीतच नाही, विचारले तर ती म्हणेल, "दोन दिवस ओट्यापासून सुटका द्या, मग कुठेही न्या!" नकाशावर म्हैसूर, उटी, उदेपूर असे दौरे होतात आणि रजेचा व पैशाचा मेळ न बसल्याने मंडळी घरीच राहतात.

मुंबई-ठाण्याच्या अशा कुटुंबांना आम्ही एक बेत सुचवतो. पहिला मुक्काम भातसानगर, दुसरा जव्हार. दोन दिवस पुरे.

आसनगावला लोकल सोडली की शहापूर जवळच, आणि पुढे भातसानगर. येथे मुलांना धरण दाखवावे आणि विचारावे, "आपल्या मोरीतला नळ कुठून येतो, सांग पाहू?" मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी या एकट्या भातसा तलावाचे. याच तालुक्यातील तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. आपल्या नळाचे माहेर हे असे शहापुरात आहे. पण माहेरची स्थिती? उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात.

समोर माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्यासाठी शेवटचा झगडा दिला तो या किल्ल्यावरून. चढण खडी आहे. आजी-आजोबांनी आणि कडेवरच्या मुलांनी पायथ्यावरूनच नमस्कार करावा.

शहापूरहून कसारा आणि तेथून विहीगाव-खोडाळ्यामार्गे जव्हार. रस्ता वळणावळणाचा, म्हणून आल्याच्या वड्या जवळ असाव्यात. दऱ्या खोल होत जातात, कापणी झालेल्या भाताची आणि नागलीची खाचरे मागे पडतात आणि सुमारे दीड हजार फुटांवर जव्हार येते. हवा थंड, गाव आटोपशीर, हनुमान पॉइंटवरून दिसणारी दरी पाहून धाकटासुद्धा क्षणभर गप्प बसतो.

मोठीचा राजवाडा येथे आहे. जयविलास हा मुकणे राजघराण्याचा वाडा काजूच्या झाडीत उभा आहे. तो खासगी असल्याने आत जाण्याची चौकशी आधी करावी. आखीव ताटवे आणि कारंजी शोधणाऱ्यांची निराशा होईल. येथे बाग आणि रान यांच्यामध्ये कुंपण फारसे उरलेले नाही, आणि तीच त्याची शोभा. महादेव कोळी समाजातील हे घराणे; राज्याला दिल्लीच्या दरबाराची मान्यता मिळाली ती १३४३ साली. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जवळच्या शिरपामाळावर थांबले, असे येथे सांगतात. १९४८ साली संस्थान विलीन झाले; २०१४ पासून जव्हार पालघर जिल्ह्यात आहे.

राजवाडा पाहून झाल्यावर लगेच परतू नये. बाजारात वारली चित्रे पाहावीत, नागलीची भाकरी खावी आणि ती करणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलावेत. याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घातली होती. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. पण उतारावरचे पाणी ओहोळांतून निघून जाते आणि मार्चनंतर बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात.

हे सारे मुलांना सांगायचे कशाला, सहलीचा विरस कशाला करायचा, असे कुणी म्हणेल. पण मुले समजतात त्याहून शहाणी असतात. शाळा उघडल्यावर "मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ" हा निबंध पाठीमागे लागणारच आहे. त्यात राजवाड्याच्या खांबांबरोबर डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाईही आली, तर मास्तरांनी चार गुण जास्त द्यावेत.

आणि घरी परतल्यावर दात घासताना धाकट्याने नळ सोडून ठेवलाच, तर ओरडू नये. "भातसा आठव," एवढेच म्हणावे.