ओवाळणी कोणाच्या खिशातून?

सरकारने कोणाला काय दिले याची चर्चा आपल्याकडे उदंड होते. ते कोठून आणून दिले, ही चर्चा मात्र विधिमंडळात, वर्तमानपत्रांत आणि चावडीवरही अभावानेच ऐकू येते. देणाऱ्याचे नाव फलकावर ठळक अक्षरांत झळकते. ज्याच्या खिशातून दिले जाते त्या करदात्याचे नाव कोणत्याच फलकावर नसते. महाराष्ट्राच्या राजकारणात गेल्या काही वर्षांत पक्ष फुटले, चिन्हे इकडची तिकडे गेली, मंत्रिमंडळे आली आणि गेली. खर्चाच्या बाबतीत मात्र सर्व पक्षांचा जणू एकच पक्ष झाला आहे. ही एकवाक्यता राज्याच्या हिताची आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले आणि राज्यातील ४८ जागांपैकी सत्तारूढ महायुतीच्या पदरात अवघ्या १७ पडल्या. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, २८ जूनला, तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडताना ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी आहे, अशा कुटुंबातील स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये द्यावयाचे आणि त्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटी खर्चावयाचे, अशी ही योजना. शासन निर्णय त्याच दिवशी निघाला. वयाची मर्यादा आरंभी साठ वर्षांची होती, ती आठवडाभरातच पासष्टवर गेली. पाच एकर जमिनीची अट गळून पडली. जुलैच्या अधिवेशनात सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या; त्यांपैकी २५ हजार कोटी या एका योजनेसाठी होते. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले हप्ते जमा झाले आणि निवडणुकीची आचारसंहिता लागण्यापूर्वी नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते आगाऊ देऊन झाले. नोव्हेंबरात महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी दोनशेहून अधिक जागा जिंकल्या.

या विजयाला कारणे अनेक असतील. एकाच योजनेला सारे श्रेय वा दोष देणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु सर्व पक्षांनी त्यातून काढलेला निष्कर्ष एकच आहे, आणि तो निकालाची वाट न पाहताच त्यांनी काढला होता. सत्ताधाऱ्यांनी जाहीरनाम्यात १,५०० चे २,१०० करण्याचे वचन दिले. योजनेला निवडणुकीची क्लृप्ती म्हणून हिणवणाऱ्या विरोधकांनी ३,००० रुपयांची बोली लावली. येथे साधा गुणाकार करून पाहावा. लाभार्थी अडीच कोटी धरल्या, तर १,५०० च्या दराने वर्षाचा खर्च ४५ हजार कोटी होतो, २,१०० च्या दराने ६३ हजार कोटी आणि ३,००० च्या दराने ९० हजार कोटी. हे पैसे कोठून येणार, या प्रश्नाला लिलावात उतरलेल्यांपैकी एकानेही सरळ उत्तर दिले नाही. विरोधी पक्षाचे पहिले कर्तव्य तिजोरीवर पहारा ठेवण्याचे असते. पहारेकरीच बोली लावू लागला तर घरधन्याने कोणाकडे पाहावे?

आता थोडे मागे जाऊ. गरिबाला सरकारने आधार द्यावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. या योजनेतही खोटी हजेरीपत्रके झाली, मजुरी रखडली, रस्त्यांची कामे कागदावर राहिली, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही त्या पिढीच्या राज्यकर्त्यांनी एक गोष्ट केली, जी आज कोणालाच सुचत नाही. खर्च जाहीर करताना त्यांनी त्याचा कर सांगितला.

हा कर म्हणजे व्यवसाय कर. १ एप्रिल १९७५ पासून तो लागू झाला आणि नोकरदारांच्या पगारातून कापला जाऊ लागला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर आणि ओलिताची जमीन यांवरही अधिभार बसवण्यात आले आणि जितका पैसा या मार्गांनी जमेल तितकाच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावा, अशी व्यवस्था झाली. म्हणजे दुष्काळी खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून शहरातील कारकून, शिक्षक, वकील आणि पाणथळ जमिनीचा बागायतदार यांच्याकडून उघडपणे, नाव घेऊन, पैसा मागितला गेला. त्या पिढीने कुरकुर केली असेल, पण दिला. आजही आपल्या वेतनपत्रकावर तो दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाकाठी २,५०० रुपये दिसतो. एका भगिनीला वर्षाला मिळणारे १८,००० रुपये म्हणजे असे कर भरणाऱ्या सात नोकरदारांचा वर्षाचा व्यवसाय कर होय. तुलना कोणाला खिजवण्यासाठी केलेली नाही. आकड्याचे वजन कळावे, एवढाच तिचा हेतू.

लाडक्या बहिणीच्या योजनेसाठी असा कोणता कर सांगितला गेला? कोणताही नाही. कोणता जुना खर्च बंद करण्याचे ठरले? तेही नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटींची दाखवण्यात आली. महसुली तुटीचा अर्थ विद्यार्थ्यांना आम्ही असा सांगतो की, रोजच्या घरखर्चासाठी उसनवारी करावी लागणे. धरण, रस्ता किंवा वीजकेंद्र यांसाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीवर पडते हे खरे, पण त्याबरोबर ते धरणही तिच्या वाट्याला येते. चालू महिन्याच्या वाटपासाठी काढलेल्या कर्जातून तिच्या वाट्याला केवळ व्याज येते. राज्याचे एकूण कर्ज मार्च २०२६ अखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज त्या अर्थसंकल्पातच नमूद होता.

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले असते: राज्याच्या उत्पन्नाच्या मानाने कर्जाचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आतच आहे, इतर कित्येक राज्यांपेक्षा आपली स्थिती बरी आहे. हे उत्तर खोटे नाही. पण ज्याची पत चांगली आहे त्याने कर्ज कशासाठी काढावे, या प्रश्नाला ते उत्तर लागू पडत नाही. पत ही पूर्वजांनी जपलेली ठेव असते. अडचणीच्या काळी ती उपयोगी पडावी, सुकाळात ती खर्चून टाकू नये, हा शहाणपणा प्रत्येक मध्यमवर्गीय घरात शिकवला जातो. राज्याला तो लागू नाही, असे अर्थशास्त्राच्या कोणत्याही संप्रदायाने म्हटलेले नाही. तुटीच्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या केन्सनेदेखील तो मंदीवरचा उपाय म्हणून केला होता.

परिणाम दिसू लागायला फार काळ लागला नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नापसंती व्यक्त केली. त्या त्या समाजातील भगिनींनाच हा पैसा मिळतो, असे समर्थन झाले. परंतु वसतिगृहासाठी राखलेला रुपया हप्त्यात गेला की वसतिगृहाचे छप्पर गळतच राहते, हे समर्थनाने बदलत नाही. नंतर त्याच वर्षी प्राथमिक छाननीत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असावेत, असे खुद्द शासनानेच सांगितले. त्यांत काही हजार पुरुषही निघाले. अर्ज घेताना घाई केली, पैसे वाटताना घाई केली आणि छाननी मात्र मते पेटीत पडल्यावर आठवली, हा क्रम योगायोगाचा मानणे कठीण आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीच्या हातात तिच्या हक्काचे पंधराशे रुपये पडले, ते नवऱ्याच्या हातात न जाता तिच्या खात्यात गेले, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. तिने त्यातून मुलाची वह्यापुस्तके घेतली असतील, औषध आणले असेल, कोणाचे देणे फेडले असेल. तिची गरज खरी आहे आणि तिला हिणवणारी टीका कोणत्याही सुसंस्कृत माणसाला शोभणारी नाही. पण तिची गरज खरी असेल, तर तिला अधिक भक्कम आधार हवा. आज तिच्याजवळ आहे तो केवळ एक शासन निर्णय. रोजगार हमीच्या मजुराजवळ कायदा होता. काम न मिळाल्यास तो भत्ता मागू शकत होता. हिला पुढचा हप्ता कधी येईल, दर वाढेल की नाही, आपण उद्या पात्र राहू की नाही, हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोपवलेले आहे. हक्क आणि ओवाळणी यांत हाच फरक असतो. ओवाळणी भावाच्या ऐपतीवर आणि मनःस्थितीवर अवलंबून असते, आणि हा भाऊ तर दुसऱ्याच्या खिशात हात घालून ओवाळणी टाकणारा आहे.

हा न्याय केवळ इतरांना लावून आपण, म्हणजे शिक्षक आणि कर्मचारी, मोकळे होऊ शकत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर आठवडाभर संप झाला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांची चिंता खोटी नव्हती. प्रस्तुत लेखकही त्यांच्यापैकीच एक आहे. तरीही आपल्या मागणीचा भार कोणत्या वर्षी किती होईल आणि तो कोण वाहील, याचा हिशेब आपल्या किती सभांतून मांडला गेला? सुशिक्षितांनी मागताना हिशेब द्यायचा नाही आणि अशिक्षितांना मिळाले की तिजोरीची काळजी वाहायची, हे ढोंग ठरेल. तिजोरीची शिस्त सर्वांना सारखी असेल तरच तिला शिस्त म्हणता येईल.

मग करावे काय? योजना एका रात्रीत बंद करा, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. दिलेला शब्द मोडणे हीसुद्धा बेशिस्तच आहे. पण तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, या योजनेला विधिमंडळाच्या कायद्याचे रूप द्यावे, पात्रता त्यात स्पष्ट लिहावी आणि तिच्यावर खुली चर्चा व्हावी. दुसरी, तिच्या खर्चाइतके उत्पन्न कोणत्या करातून किंवा कोणत्या कपातीतून येणार, हे त्याच कायद्यात सांगावे. १९७५ साली जे जमले ते आज न जमण्याचे कारण नाही. उणीव पैशाची असण्यापेक्षा धैर्याची अधिक आहे. तिसरी, निवडणुकीपूर्वीच्या सहा महिन्यांत थेट पैसे वाटणारी नवी योजना सुरू करू नये, असा नियम सर्व पक्षांनी मिळून करावा. जाहीरनाम्यातील वचनांसाठी पैसा कोठून आणणार, हे पक्षांनी सांगावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्येच पुढे ठेवली होती. तिचे स्वागत करण्यात अनेक पक्षांनी उत्साह दाखवला नाही, यावरून दुखणे कोठे आहे ते कळते.

लोकशाहीत मतदार हा राजा आहे, असे निवडणुकीच्या दिवसांत वारंवार सांगितले जाते. ते खरे मानावयाचे असेल तर राजाने आपल्या कारभाऱ्याला जमेची बाजूही विचारली पाहिजे. पुढच्या खेपेस मते मागणारा उमेदवार दारी येईल आणि काय काय देणार याची यादी वाचू लागेल, तेव्हा त्याला शेवटपर्यंत बोलू द्यावे आणि मग शांतपणे विचारावे: हे सगळे कोणाकडून घेऊन देणार? या प्रश्नाला ज्याच्याजवळ सरळ उत्तर असेल, त्याचा पक्ष कोणताही असो, तो मताला पात्र समजावा.