हमबकर घ्या, पण जोराचा हव्यास नको

गॅदरिंग जवळ आले की आपल्या कॉलेजातील वाद्यप्रेमी मुले पिकअपच्या गोष्टी बोलू लागतात. बिदर, भालकी, बसवकल्याण, कलबुर्गी, कोठेही जा. इलेक्ट्रिक गिटार हाती असलेला मुलगा मराठी विभागातला असो की कन्नड, त्याला हमबकर हवा असतो, आणि तोही सर्वांत जोरदार. हमबकर हवा, हे मला मान्य आहे. जोरदार कशाला हवा, हे मात्र मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते, आणि अ‍ॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो. पण आपल्या सभागृहात ट्यूबलाइटचे चोक असतात, ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्यातून सेकंदाला ५० आवर्तनांची वीज वाहते. तिचे चुंबकीय क्षेत्रही वेढ्यांत शिरते. म्हणून सिंगल कॉइलची गिटार कोणी वाजवत नसतानाही घूंऽऽ करीत बसते.

यावर अमेरिकेच्या गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे. त्यांनी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या; एकीचे चुंबकीय ध्रुव उलट केले आणि जोडणीही उलट केली. बाहेरून येणारी घूं चुंबकाकडे पाहत नाही. ती जोडणीमुळे एकदाच उलटते आणि दोन्हीकडची घूं परस्परांना मारते. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच होतो, आणि दोन्ही स्वर मिळतात. पेटंटसाठी अर्ज १९५५ साली झाला, १९५७ मध्ये हे पिकअप लेस पॉल गिटारवर आले आणि पेटंट मिळाले १९५९ साली. पदार्थविज्ञानाच्या पेपरात हा प्रश्न का येत नाही, कोण जाणे!

आता जोराविषयी. जोर वाढवण्यासाठी वेढे वाढवतात. वेढे वाढले की वरचे, धारदार स्वर बोथट होतात. अ‍ॅम्प्लिफायर फाटेस्तोवर रॉक वाजवणाऱ्याला ते चालते, नव्हे, आवडते. पण आपली मुले वाजवतात काय? भावगीत, अभंगाची चाल, एखादे वचन, चित्रपटातील तुकडे. तेथे मींड स्वच्छ उमटली पाहिजे, शब्दाचा उच्चार तारेवर कळला पाहिजे. त्यासाठी साधारण सात-आठ किलोओहमचा, अल्निको चुंबकाचा सौम्य हमबकर मी सुचवीन. (नुसत्या ओहमवर मात्र भाळू नये, तांब्याची तार अधिक बारीक वापरली तरी आकडा फुगतो.) आवाज कमी पडला तर अ‍ॅम्प्लिफायरची कळ फिरवता येते, गेलेली स्पष्टता कोणत्याही कळीने परत येत नाही. सिंगल कॉइल काढून हमबकर बसवणार असाल तर २५० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोलही बदलून ५०० चा घाला, नाहीतर स्वर दबलेला वाटेल. आणि खर्चापूर्वी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जुन्या पिकअपची उंची थोडी कमीजास्त करून पाहा. पुष्कळांचे काम तेथेच भागते.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हमबकर घूं मारतो, पण अर्थिंगचा दोष मारीत नाही. घूं थांबावी म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. बोटे तारांवर आणि ओठ माइकवर असताना दोहोंपैकी एकात दोष निघाला, तर वीज वादकाच्या अंगातून जाते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून, रंगमंचावरच मरण पावला. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

तेव्हा यंदाच्या गॅदरिंगसाठी पिकअपची वर्गणी गोळा करणाऱ्या मित्रांनी आधी सभागृहाचे सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि त्याचे पैसे त्याच वर्गणीतून द्यावेत. उरलेल्या पैशात सौम्य हमबकर बसत नसेल, तर तो पुढच्या वर्षी घेता येईल.